मामाची व्हीटेक आणि भाचीचे ब्रेक

माझा मेव्हणा पुन्हा नादाला लागला आहे. नाद गाड्यांचा. त्यातही जुन्या, पळणाऱ्या आणि कंपनीने बनवल्या तशा न ठेवलेल्या गाड्यांचा. शिरोली एमआयडीसीत त्याची छोटी फाउंड्री आहे. लग्न, फाउंड्रीचं कर्ज आणि मुलांच्या शाळा यांच्या गडबडीत त्याची २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली, आणि तिच्याबरोबर रविवारची मित्रमंडळीही सुटली. आता मुलं मोठी झाली, कर्ज फिटलं आणि हा गृहस्थ पुन्हा पहाटे उठून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागतो. माझी मुलगी पुण्यात एका वाहन कंपनीच्या ब्रेक विभागात काम करते. दिवाळीत दोघं एका छपराखाली आली तेव्हा जे बोलणं झालं, ते जमेल तसं उतरवतो आहे. मला गाडीतलं फारसं कळत नाही. पेट्रोल टाकतो, चालवतो. त्यामुळे कोणाची बाजू घ्यायचा मोह कमी होता. अगदीच नव्हता असं नाही.

भाची : मामा, तुझ्या गाडीत एअरबॅग किती?

मामा : एकही नाही. एबीएस पण नाही. मागे ड्रम ब्रेक. विचार पुढं.

भाची : मग अशी गाडी आहे त्याहून जोरात पळवायची कशाला?

मामा : एअरबॅग मोजूनच गाडीची किंमत करणार असशील तर माझं बोलणंच खुंटलं. अगं, १९९८ला ही सिटी आली तेव्हा पद्मिनी आणि ॲम्बेसेडर अजून कारखान्यातून बाहेर पडत होत्या. मारुती एट हंड्रेड चाळीस अश्वशक्तीच्या आत. त्यात हिचं दीड लिटरचं इंजिन शंभर अश्वशक्तीचं. २०००ला व्हीटेक आली, ती १०६. वजन साधारण टनभर. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. आणि २००३च्या अखेरीस कंपनीने नवी सिटी काढली. इंजिन तेवढंच, दीड लिटरचं. अश्वशक्ती किती? ७७.

भाची : लोकांना ॲव्हरेज हवं होतं.

मामा : हवं होतं, मिळालं. कंपनीने बरोबरच केलं. पण आम्ही उरलो की.

मी : हे व्हीटेक म्हणजे नेमकं काय?

भाची : बाबा, इंजिनात हवा आणि पेट्रोल आत सोडणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्टवरच्या उंचवट्यांनी उघडतात. उंचवटा लहान ठेवला तर गाडी गावात शहाण्यासारखी चालते. मोठा ठेवला तर वरच्या फेऱ्यांना ताकद मिळते, पण सिग्नलला उभी असताना इंजिन धड चालत नाही. होंडाने दोन्ही तऱ्हेचे उंचवटे एकाच शाफ्टवर बसवले. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, शेजारशेजारचे रॉकर जखडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्याच्या हुकमात जातात. यंत्रणा सुंदर आहे, मी नाही म्हणतच नाही.

मामा : आणि तो बदल कानाला कळतो, दाजी. आवाजच फिरतो.

भाची : तो आवाज इंजिनाचा. तुझ्या गाडीचा जो तीन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो, तो सायलेन्सरचा.

इथे मामाने चकली उचलली. त्याला उत्तर सुचत नाही तेव्हा तो खातो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी विषय बदलला आणि विचारलं, की एवढ्या वर्षांनी त्या मंडळींत परत का गेलास?

मामा : खरं सांगू? गाडीच चालू होईना म्हणून. ताडपत्री काढली, नवी बॅटरी टाकली, स्टार्टर फिरतोय पण ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटर मेला होता. नवा मिळेना. जुन्या बाजारातून एक आणला, तो तापला की बंद. शेवटी जुन्या एका दोस्ताचा नंबर फिरवला. त्याने कधीच गाडी विकली होती, पण त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. संध्याकाळी इचलकरंजीचा एक पोरगा दारात, हातात डिस्ट्रिब्युटर. पैसे घेईना. म्हणाला, काका, आधी लावून तर बघा.

भाची : काका!

मामा : हां, ते जरा लागलं. आमच्या वेळी त्या टोळक्यात मीच सगळ्यांत लहान होतो. उद्यमनगरात लेथवर ओळख काढायची, हेड घासून घ्यायचं म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, एवढंच ज्ञान. किती घासायचं? मिस्त्री म्हणेल तेवढं. झेनमध्ये इस्टीमचं तेराशेचं इंजिन, इस्टीममध्ये बलेनोचं सोळाशेचं, हे सगळे उद्योग अंदाजपंचे. पिस्टन वितळले की कळायचं, आपलं काहीतरी चुकलं. आताची पोरं लॅपटॉप जोडतात, हवा-पेट्रोलचं प्रमाण दर क्षणाला बघतात, वहीत लिहून ठेवतात. एकाने मला विचारलं, काका, तुमचा टायमिंग बेल्ट कधी बदललाय? मी म्हटलं, गाडी फार चालली नाही. तो म्हणाला, किलोमीटर विचारले नाहीत, वर्षं विचारली. पट्टा रबराचा असतो, उभ्या गाडीतही म्हातारा होतो. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. त्याच आठवड्यात बदलला.

भाची : हे चांगलंच आहे. याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच रविवारी तिथे रेस देऊन फटाके फोडणारे, गाडी आडवी घालून रील काढणारेही असतात ना?

मामा : असतात.

भाची : आणि टाळ्या कोणाला जास्त पडतात? वही ठेवणाऱ्याला की फटाके फोडणाऱ्याला?

मामा : फटाके फोडणाऱ्याला.

मामा प्रामाणिक आहे, म्हणूनच त्याच्याशी वाद घालायला मजा येते. मुलीने मात्र आता कायदा काढला. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठाम सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षाही आली : परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

भाची : तुझे बदल मोज.

मामा : हेडर, सायलेन्सर, हवा ओढायची नळी, स्प्रिंग, चाकं, पुढच्या मोठ्या डिस्क. पण त्या कलमातली गंमत बघ. मी ब्रेक मोठे केले, पाच हजार. कोणा पोराने बुलेटला फटाक्याचा सायलेन्सर लावला, पाच हजार. थांबायची सोय वाढवणारा आणि गल्ली उठवणारा, दोघं एकाच तागडीत?

भाची : तुझे ब्रेक थांबायची सोय वाढवतात हे तुला कोणी सांगितलं?

मामा : म्हणजे?

भाची : ब्रेकचं काम गाडी थांबवणं एवढंच नसतं, पुढच्या आणि मागच्या चाकांत ते काम वाटून देणंही असतं. तू फक्त पुढचे ब्रेक जोरदार केलेस. आता पुढची चाकं आधी अडकतील आणि मागच्या ड्रमच्या वाट्याचं काम तसंच राहील. थांबायचं अंतर कमी होण्याऐवजी वाढूही शकतं. उद्या कोणाचं ऐकून मागेही मोठ्या डिस्क घातल्यास आणि मागची चाकं आधी अडकली, तर घाटाच्या वळणावर गाडी गरगर फिरेल. शिवाय पुढच्या कॅलिपरचा पिस्टन मोठा असेल तर त्याला तेल जास्त लागतं, म्हणजे पेडल खोल जातं. आम्ही एका मॉडेलच्या ब्रेकवर जेवढा काळ घालवतो ना, तेवढ्यात तुझी गाडी दोनदा रंगवून होईल.

मामा : तू काहीही म्हण. आधी पन्हाळ्यावरून उतरताना शेवटच्या वळणांना पाय खाली जायचा. आता जात नाही. हा माझा अनुभव आहे.

भाची : डिस्क बदलल्यास तेव्हा ब्रेक ऑइल पण बदललंस?

मामा : अर्थात. लाइन उघडल्यावर नवंच टाकणार की.

भाची : मग पाय खाली जायचा थांबला तो डिस्कमुळे की ऑइलमुळे? ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट थ्री ताजं असताना २०५ अंशांच्या पुढे उकळतं. पाणी शिरलं की तीच हद्द १४० वर येते. उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, लाइनमध्ये वाफ झाली, की पाय खाली जातो. वर्षानुवर्षं उभ्या गाडीतलं ऑइल होतं ते. नुसतं ऑइल बदलून उतरून बघितलं असतंस तर उत्तर मिळालं असतं.

मामा : दोन्ही एकाच दिवशी केलं.

भाची : तेच तर म्हणतेय.

मामाने या वेळी चकली उचलली नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट. तो म्हणाला की मान्य, मोजलं नाही. पण मोजायची सोय कुठे आहे? जर्मनीत गाडीत बदल केला तर ती तपासणी संस्थेकडे न्यायची. सुटा भाग कोणता, तो या गाडीला मंजूर आहे का, बसवला नीट आहे का, हे इंजिनिअर बघतो, आणि पसंत पडला तर गाडीच्या कागदांवर तशी नोंद होते. नापास झाला तर काढून टाकायचा. आपल्याकडे रंग बदलला, सीएनजी किट बसवलं, इंजिन बदलून त्याच जातीचं टाकलं, तर परवानगीची वाट आहे. ब्रेक, स्प्रिंग किंवा चाकं तपासून घ्यायची इच्छा असलेल्या माणसाने कोणत्या खिडकीवर उभं राहायचं?

भाची : वाट हवी, हे मान्य. आरटीओतल्या निरीक्षकावर आधीच कामाचा डोंगर आहे, त्याने तुझ्या कॅलिपरचं गणित कधी करायचं, हा वेगळा प्रश्न. पण वाट नाही म्हणून रान मोकळं, असं होत नाही. तू रस्त्यावर एकटा नसतोस. समोरून येणाऱ्या दूधवाल्याने तुझ्या प्रयोगाला होकार दिलेला नाही.

मी : मग याने हे सगळं ट्रॅकवर का करू नये?

मामा : दाजी, ट्रॅक कुठे आहेत सांगा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, १९९० पासून. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, २००३ पासून. दिल्लीजवळ बुद्ध सर्किट, २०११ पासून. कोल्हापूरजवळ मोहित्यांचा ट्रॅक आहे, पण तो कार्टिंगचा. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या, त्या वर्षातून एखादवेळा. एवढ्या मोटारी बनवणाऱ्या महाराष्ट्रात माणसाला आपली गाडी रविवारी घेऊन जाता येईल असे धड मोठे ट्रॅक किती? आणि मग हायवेवर पोरं पळतात म्हणून बोंब.

भाची : ट्रॅक असते तरी फटाकेवाला तिथे गेला नसता. त्याला प्रेक्षक हवेत, वळणं नकोत.

हे वाक्य मला पटलं. पण मुलीचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता, आणि तो बाहेर आला तो हेडर या शब्दावर. जुन्या दिवसांत मामाने इंजिनातून धूर बाहेर नेणारी मूळ नळी काढून हेडर बसवला, तेव्हा मधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकला होता. त्या काळी सगळेच काढायचे. धूर मोकळा सुटतो, गाडी ओढते, असं म्हणायचे.

भाची : २०००च्या निकषांत पेट्रोल गाडीला हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून किलोमीटरला ०.९७ ग्रॅमची मुभा होती. एप्रिल २०२०ला बीएस सिक्स आलं, त्यात हायड्रोकार्बन ०.१ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड ०.०६. बेरीज ०.१६. म्हणजे तुझी गाडी कन्व्हर्टरसकट आणि अगदी ठणठणीत असली तरी तिला आजच्या सहापट सूट होती. तो काढल्यावर ती किती सोडते याला हिशोबच नाही.

मामा : पीयूसी आहे माझ्याकडे. पास.

भाची : पीयूसीला गाडी जागेवर उभी करून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं त्यात नावही नाही. तो कागद दाखवून मला गप्प करू नकोस, मी याच धंद्यात आहे.

मामा : वर्षाला गाडी चालते किती माझी? नवी गाडी बनवायला जेवढं लोखंड, ॲल्युमिनियम आणि वीज लागते, तेवढ्यात माझी म्हातारी किती वर्षं चालेल?

भाची : ते कार्बन डायऑक्साइडचं गणित आहे, आणि त्यात तुझं थोडं खरंही आहे. पण तुझ्या मागच्या स्कूटरवर बसलेलं पोर जे ओढतं, ते वेगळं. एकाची वजाबाकी दुसऱ्यातून करता येत नाही.

आतून कोणीतरी जेवायला हाक मारली. कोणी उठलं नाही, कारण मामाला त्याचा हुकमी एक्का आठवला होता, आणि तो आमच्याच शिवारातला निघाला.

मामा : बरं, आता मी विचारतो. गाडी चालू झाल्यावर मला पहिला त्रास कशाचा झाला? पेट्रोलच्या नळीचा. रबर फुगून चिरलं होतं, इंजिनवर पेट्रोल ठिबकत होतं. का? पंपावर आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. माझी गाडी बनली तेव्हा ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आपल्याच कारखान्यांचं इथेनॉल, शेतकऱ्याला पैसा मिळतो, माझी तक्रार नाही. पण नळी बदलू की नको? जुन्या जातीची मिळाली तर ती पुन्हा चिरणार. इथेनॉल सोसणारी टाकली तर तो कंपनीच्या तपशिलातला बदलच झाला ना?

भाची : नळीसाठी तुला कोणी धरणार नाही, मामा.

मामा : थांब, पुढं आहे. त्या लॅपटॉपवाल्या पोराने दाखवलं. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल असलं की साडेतेराच्या आसपास. हळू चालवताना माझ्या गाडीचा सेन्सर हे सांभाळून घेतो. पण पाय पूर्ण दाबला की हा जुना कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकतच नाही, पाठ केलेल्या आकड्यांवर चालतो. ते आकडे जुन्या पेट्रोलचे. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतं, ते तापतं. आता सांग, सरकारने दिलेल्या पेट्रोलवर गाडी नीट चालावी म्हणून आकडे बदलले, तर ते मॉडिफिकेशन की दुरुस्ती?

भाची : हा प्रश्न चांगला आहे.

मामा : म्हणजे उत्तर नाही.

भाची : उत्तर आहे. दुरुस्ती आहे, आणि तिला कायद्यात जागा हवी. इथेनॉल पटकन पेट घेत नाही, ठोका कमी बसतो, तेव्हा नीट बसवलं तर तुझ्या इंजिनाला ते सोसेलही. पण त्या एका दुरुस्तीच्या आडोशाला तू सायलेन्सर लपवू नकोस.

मग थोडा वेळ चेष्टा झाली. विंटेज म्हणून नोंद करून घे, म्हणजे सगळी कटकट मिटली, असं मीच सुचवलं. त्यावर मुलीने सांगितलं की २०२१च्या नियमांत त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते, सांगाड्यात आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे मामाला २०५१ पर्यंत थांबावं लागेल, आणि तेव्हाही हेडर काढावाच लागेल. तोपर्यंत दर पाच वर्षांनी फेरनोंदणी. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी आता दहा हजार झाली आहे.

मामा : देईन की. नादाला पैसे लागतातच. पण एक सांगतो. मी परत गेलो तेव्हा वाटलं होतं, गाडीसाठी जातोय. आता ती धड पळते आहे, तरी रविवारी मी बॉनेट उघडून उभा असतो. कोणाचा रेडिएटर गळतोय, कोणाला जुन्या बेअरिंगचा नंबर हवाय. फाउंड्रीत दिवसभर माझ्याशी कोणी लोखंडाबद्दल बोलत नाही, जीएसटीबद्दल बोलतात.

भाची : मग तिथे एवढं वजन आहे तुझं, तर एक कर. फटाकेवाल्याला बाहेर काढा. पोलिसांनी त्याचा सायलेन्सर रोडरोलरखाली घालायची वाट बघू नका.

मामा : पोरं ऐकायची नाहीत.

भाची : टाळ्या तर थांबवाल?

यावर दोघांचं एकमत झालं नाही. माझं मत विचाराल तर सांगतो. सरसकट बंदी हा आळशी कायदा आहे. चांगला बदल कोणता आणि वाईट कोणता हे ठरवण्याची मेहनत तो घेत नाही, आणि म्हणून तपासून घ्यायला तयार असलेला माणूसही चोरवाटेने जातो. तरीही मामाच्या मंडळींना मी आज सहानुभूती देणार नाही. जो फरक कायद्याने करावा असं ती म्हणतात, तो त्यांच्या रविवारच्या अंगणात ती स्वतः करत नाहीत. आधी तो तिथे दिसू दे, मग तपासणीची खिडकी मागायला मीही सोबत येईन.

दिवाळीनंतर मामाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि साधा सायलेन्सर परत बसवला. हेडर आणि मोठ्या डिस्क तशाच आहेत, आणि दोन्ही आजच्या कायद्याने बेकायदाच आहेत.

तुमच्याकडेही एखादी जुनी, जोरकस गाडी बरीच वर्षं उभी असेल आणि पुन्हा बाहेर काढायचं मनात असेल, तर इंजिनाकडे नंतर वळा. आधी ब्रेक ऑइल बदला, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या बदला. मग टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१४ असेल तर टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी तो बदला, आणि बदलेपर्यंत घाट चढू नका.